सातबाऱ्यावर न चढलेला बोजा

कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याहून भिवंडी तालुक्यात शिरलं की दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, गुंदवली, माणकोली ही महसुली नकाशात गावं आहेत. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या तोंडी मात्र ते गोदामांचे पत्ते आहेत. इथं भाताची खाचरं होती. त्यांवर मुरुमाचा भराव पडला, भरावावर कोबा आला, वर पत्र्याचं छप्पर चढलं, आणि भाताच्या पिकातून कधीच दिसले नसते असे पैसे भाड्यातून दिसू लागले.

ही सगळी मुळात जकातीची करणी. मुंबईच्या हद्दीत माल आणला की जकात भरावी लागे. मग माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि गिऱ्हाईक ठरलं की तेवढाच आत न्यायचा, असा साधा हिशेब होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत. उलट राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची गरज संपल्यावर कंपन्यांना एकाच ठिकाणी भलंमोठं गोदाम परवडू लागलं. शेजारी मुंबई, जवळून जाणारा नाशिक महामार्ग आणि खाली न्हावा-शेव्याचं बंदर, यापेक्षा सोयीची जागा कुठली मिळणार?

या मालात कापड असतं, औषधं असतात, ऑनलाइन खरेदीचे खोके असतात. रसायनंही असतात. मशीद बंदरच्या वडगादीत रसायनांचा घाऊक बाजार आहे. पेढीवर टेबल-खुर्ची आणि नमुन्याच्या बाटल्या, माल भिवंडीत. दोनशे लिटरचे निळे ड्रम, पत्र्याची पिंपं, आम्लांचे कारबे, रंगांच्या गोण्या. विनापरवाना साठ्यावर महसूल खातं अधूनमधून धाड घालतं, पंचनामा होतो, नारपोली पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होतो, टाळं ठोकलं जातं. आग लागली की पेपरात बातमी येते. पण आग विझल्यावर, टाळं लागल्यावर, किंवा काहीच न घडता भाडेकरू मुकाट्याने गाळा खाली करून गेल्यावर कोब्याखाली जे उरतं, त्याची बातमी होत नाही. ते उरलेलं कुणी शोधायचं, कुणी काढायचं आणि कुणाच्या पैशांनी, हा या लेखाचा विषय. भारतात त्यासाठी स्वतंत्र नियम यायला 2025 साल उजाडावं लागलं. गंमत म्हणजे मातीसाठी सामाईक कायदा करायला युरोपीय संघालाही त्याच वर्षापर्यंत थांबावं लागलं.

आधी कोब्याखाली काय होतं ते पाहू.

ड्रम गळायला फार काही लागत नाही. फोर्कलिफ्टचा दात लागतो, बूच नीट बसत नाही, मोठ्या ड्रममधून छोट्यात हातपंपाने माल ओढताना सांडतो. रिकामे ड्रम धुऊन विकणं हा तर स्वतंत्र धंदाच आहे. कायद्याच्या लेखी असा ड्रम रिकामा नसतोच. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत पहिल्या अनुसूचीत 33.1 या क्रमांकाखाली रसायन लागलेली रिकामी पिंपं आणि डबे घातक कचरा म्हणूनच नोंदले आहेत. ते धुतल्याचं पाणी कुठं जातं, हे त्या शेडच्या मागच्या गटाराकडे पाहिलं की कळतं.

कोब्याला भेगा असतात. खाली मुरूम, म्हणजे पाणी सहज जाऊ देणारा भराव. त्याखाली जुन्या खाचराची चिकणमाती, मग झिजलेला खडक आणि शेवटी सह्याद्रीचा तोच काळा कातळ, त्याच्याही सांधे-भेगांसकट. या थरांत प्रत्येक रसायनाची चाल निराळी. शिसं मातीच्या कणांना चिकटून वरच्या फूट-दीड फुटातच बसून राहतं. डिझेल किंवा टोल्युइन पाण्याहून हलकं, ते भूजलावर तवंगासारखं पसरतं. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीन असलेली द्रावकं पाण्याहून जड. ती बुडतात, कातळाच्या भेगांत शिरतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. क्रोमियम दोन रूपांत सापडतं. त्रिसंयुजी रूप बहुतेक जागचं हलत नाही. षट्संयुजी रूप पाण्यात विरघळून चालू लागतं, आणि कर्करोगाला कारण होतं ते हेच.

त्यावर कोकणचा पाऊस. चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाणी पडतं. श्रावणात भूजल पायाच्या जवळ येतं आणि वरच्या थरात अडकलेलं धुऊन घेतं. वैशाखात ते खोल जातं. त्यामुळे एकाच बोअरच्या पाण्याचा मे महिन्यातला अहवाल आणि सप्टेंबरमधला अहवाल जुळत नाही. एकच बाटली तपासून ‘सर्व काही मर्यादेत’ असा शेरा मारणारा कागद म्हणूनच फारसा विश्वासाचा नसतो.

नमुना घेण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. कोबा गोल कापून काढतात, खाली ऑगर फिरवत नेतात आणि दर अर्ध्या मीटरला माती वेगळी ठेवतात. द्रावकांचा संशय असेल तर माती प्लास्टिकच्या पिशवीत नाही, काचेच्या बरणीत काठोकाठ भरतात, कारण मोकळ्या जागेत वाफ होऊन पुरावाच उडून जातो. बरणी लगेच बर्फाच्या पेटीत जाते. भिवंडीच्या उन्हात टेम्पोच्या टपावर दोन तास ठेवलेल्या बरणीतून प्रयोगशाळेला फारसं काही सापडणार नाही, आणि काही मंडळींना तेच हवं असतं.

माती बिघडली आहे की नाही हे ठरवताना नुसता आकडा पुरत नाही. जगभर आता तीन गोष्टी एकत्र पाहतात. विष कुठं आहे, ते कुठल्या वाटेनं हलतं, आणि त्या वाटेच्या टोकाला कोण आहे. दापोड्यातल्या एखाद्या गाळ्याखाली शिसं आहे, वर धड कोबा आहे आणि आत कपड्यांचे खोके आहेत, तर आज धोका थोडा. तोच गाळा पाडून तिथं इमारत आली, खाली मुलांचं मैदान झालं, तर तेच शिसं मुलांच्या बोटांवर येतं. म्हणजे विष तेवढंच राहून धोका बदलतो. हे ध्यानात ठेवलं की पुढचे कायदे सोपे होतात, कारण त्या सगळ्यांची भांडणं शेवटी याच तीन गोष्टींभोवती आहेत.

आगीचा एक वेगळा मार्ग आहे. 1 नोव्हेंबर 1986 ला मध्यरात्र उलटताच स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ सांडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. कारखान्याला नव्हे, गोदामाला. आत सुमारे साडेतेराशे टन रसायनं होती, मुख्यतः कीटकनाशकं. आग विझवायला मारलेलं पाणी त्यातली रसायनं घेऊन थेट ऱ्हाइन नदीत गेलं. आतल्या एका रंगामुळे नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. नुसत्या वाम माशांचीच संख्या दीड लाखाच्या घरात सांगितली जाते. युरोपात 1982 पासून सेवेसो निर्देश होता. इटलीतल्या सेवेसो गावी 1976 साली डायऑक्सिनचा ढग सुटल्यानंतर तो आला होता, आणि त्याची नजर मुख्यतः कारखान्यांवर होती. बाझलनंतर 1988 मध्ये त्यात दुरुस्ती करून साठवणुकीवरचा फास आवळला. विझवलेलं पाणी अडवून धरणारी टाकी हा तिकडे आता रसायन-गोदामाच्या आराखड्याचाच भाग असतो.

आपल्याकडे घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांचे नियम 1989 पासून आहेत, आणि नुसत्या साठवणुकीसाठीही त्यांत रसायनागणिक टनांची मर्यादा दिली आहे. त्या मर्यादेपुढे गेलात की सुरक्षा अहवाल, आपत्कालीन आराखडा वगैरे मागे लागतं. आता एका कंपाऊंडमध्ये पन्नास गाळे आणि पन्नास भाडेकरू घ्या. प्रत्येकाचा साठा मर्यादेच्या आत. सगळ्यांचा मिळून किती, हे विचारायचं काम कुणाचं? मे 2025 मध्ये भिवंडी तालुक्यातल्याच वडप्याच्या एका संकुलात वीसहून जास्त गोदामं एका आगीत जळाली. कपडे, छपाईची यंत्रं, सौंदर्यप्रसाधनं आणि रसायनं असा सगळा माल शेजारी शेजारी होता. आग भिंत बघत नाही, आणि विझवलेलं पाणीही.

आता पैशांकडे येऊ.

जो बिघडवील त्यानं भरावं, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली ठणकावून सांगितलं, आणि तेही रंगाच्याच धंद्यातल्या प्रकरणात. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात 1988 च्या सुमारास एच-ॲसिड तयार होऊ लागलं. कापडाच्या रंगांसाठी लागणारा हा कच्चा माल. भिवंडीच्या डाइंगवाल्यांना त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. कारखाने थोड्याच काळात बंद पडले, पण हजारो टन गाळ उघड्यावर पडून राहिला. पावसानं तो जमिनीत नेला, विहिरींचं पाणी लालसर-तपकिरी झालं, शेती गेली. न्यायालयानं कारखानदारांकडून खर्च वसूल करायला सांगितलं. आकडा ठरला 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपयांचा. त्यानंतर अर्जांवर अर्ज पडत गेले आणि 2011 मध्ये न्यायालयाला तीच रक्कम चक्रवाढ व्याजासकट भरण्याचा आदेश पुन्हा काढावा लागला. तत्त्व पक्कं होतं, दोषी कोण तेही माहीत होतं, आणि तरी ही कथा.

भिवंडीत तर दोषी कोण इथपासून सुरुवात आहे. एका गाळ्याची साखळी बघा. जमीन शेतकऱ्याची. त्यानं ती बिल्डरला विकसनासाठी दिली आणि बदल्यात काही गाळे घेतले. बिल्डरनं आपल्या वाट्याचे गाळे गुंतवणूकदारांना विकले. ते गुंतवणूकदार मुलुंडला नाहीतर घाटकोपरला राहतात आणि गाळा त्यांनी एकदाच पाहिला आहे. त्यांनी तो लिव्ह अँड लायसन्सवर एका ट्रान्सपोर्टवाल्याला दिला. त्यानं अर्धा भाग तोंडी बोलीवर दुसऱ्याला दिला. ड्रम त्या दुसऱ्याचेही नाहीत. वडगादीतल्या तिसऱ्याच पेढीचे आहेत. अकरा महिन्यांनी गाळा खाली. मग दुसरा भाडेकरू, तिसरा, सातवा. दहा वर्षांनी बोअरच्या पाण्याला वास आला तर बोट कुणाकडे दाखवायचं? सगळ्यांची नावं निघतील कदाचित. कुणाच्या काळात काय सांडलं, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही.

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. याची तयारी 2010 पासून, जागतिक बँकेच्या मदतीनं आखलेल्या एका कार्यक्रमातून चालू होती. दूषित जागांची यादी करायची आणि त्या कशा साफ करायच्या याचं मार्गदर्शन तयार करायचं, ही कामं झाली. कायद्याचं बळ देणं तेवढं पंधरा वर्षं राहून गेलं. नियम आले तेव्हा देशात अशा 103 जागा नोंदलेल्या होत्या आणि साफसफाई सुरू झाली होती ती फक्त सात ठिकाणी.

या नियमांची वाट अशी आहे. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेनं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि गरज दिसली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपास. 2016 च्या नियमांतल्या 189 घातक रसायनांपैकी कशाचंही प्रमाण सुरक्षित पातळीच्या वर निघालं, तर जागा दूषित म्हणून जाहीर होते आणि तिथल्या वावरावर बंधनं येतात. तज्ज्ञ संस्था साफसफाईचा आराखडा देते. मंडळ 90 दिवसांत जबाबदार व्यक्ती शोधतं. ती सापडली तर खर्च तिचा. सापडली नाही किंवा तिच्यात ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य मिळून सोय करतात. दूषणामुळे माणूस दगावल्याचं सिद्ध झालं तर भारतीय न्याय संहितेखाली फौजदारी वेगळी.

वाचायला छान आहे. पण जागा जाहीर झाल्यावर ती किती काळात साफ झाली पाहिजे, याला मुदत नाही. मूळ पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या तुरुंगवासाच्या जागी जनविश्वास कायद्यानं दंड आणला, तो जास्तीत जास्त 15 लाख रुपये. एका मध्यम गाळ्याखालची माती खणून तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पापर्यंत न्यायची म्हटली तरी हिशेब याच्या पलीकडे जाऊ शकतो. आणि नियमांच्या कक्षेबाहेर काय ठेवलंय ते पाहा. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याचे ढीग. यांना आपापले कायदे आहेत, हे खरं. पण भिवंडीत चाविंद्र्याच्या कचराभूमीवर येणारा कचरा काही शुद्ध घरगुती नसतो. सायझिंगच्या बॉयलरची राख, डाइंगचा गाळ आणि मोती कारखान्यांतला, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाणा काढणाऱ्या कारखान्यांतला, उरलेला चोथा त्यात मिसळणार नाही याची हमी कोण देईल? कागदावर दोन कायदे दोन बाजूंना उभे आहेत. ढिगाखालचं पाणी एकच आहे.

माझ्या मते खरी अडचण पहिल्याच पायरीवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी संशयित जागा शोधायच्या कशावरून? मातीचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. शोधायला आठवण लागते, म्हणजे कुठं काय होतं याची लिखित नोंद. युरोपातल्या देशांनी हे फार महागात शिकून घेतलं.

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ लेकरकर्क नावाचं गाव आहे. तिथं 1970 च्या सुमारास नवी वस्ती बांधताना शेतांमधले पाण्याचे चर भरून काढले, आणि भरावात रसायनांचे ड्रम गेले. वर टुमदार घरं उभी राहिली. ड्रम गंजले, द्रावकं प्लास्टिकच्या जलवाहिनीच्या भिंतीतून आत झिरपली आणि नळाच्या पाण्याला वास यायला लागला. 1980 मध्ये सुमारे 270 घरं रिकामी करून खाली खणावं लागलं. खाचर, भराव, बांधकाम हा क्रम भिवंडीच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. तीन वर्षांत डच संसदेनं माती साफ करण्याचा अंतरिम कायदा केला. अशा जागा काहीशे असतील असा सुरुवातीचा अंदाज होता. शोधायला लागल्यावर आकडा लाखांत गेला. सगळीकडची माती अगदी पूर्वीसारखी स्वच्छ करायची हा पहिला हट्ट त्यांना खर्चापायी सोडावा लागला, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ते जागेच्या वापराप्रमाणे सफाई या धोरणावर आले. गोदामाला गोदामापुरती, शाळेला शाळेपुरती. काहींना ही तडजोड वाटते; मला तो शहाणपणा वाटतो, मात्र वापर बदलताना पुन्हा तपासणी सक्तीची असेल तरच.

मालकाचं काय, हा प्रश्न जर्मनीत घटनेच्या न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या कायद्यात दूषित करणारा तर जबाबदार असतोच, पण जमिनीचा मालकही, निव्वळ मालक म्हणून. मग ज्यानं काहीच केलं नाही, त्यानं कर्जबाजारी व्हायचं का? 16 फेब्रुवारी 2000 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की अशा मालकावर साधारणपणे त्या जमिनीच्या बाजारभावापेक्षा जास्त बोजा टाकू नये. ब्रिटननं वेगळी वाट धरली. इंग्लंडमध्ये एप्रिल 2000 पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार आधी ज्यानं दूषित केलं किंवा जाणूनबुजून होऊ दिलं त्याला धरायचं. तो सापडलाच नाही तर मालक किंवा ताबेदार. ‘जाणूनबुजून होऊ दिलं’ ही पायरी भिवंडीसाठी फार महत्त्वाची आहे. गाळ्यात ड्रम आहेत हे माहीत असून दर महिन्याला जास्तीचं भाडं घेणारा मालक त्या पायरीवर उभा असतो.

पण भिवंडीनं उचलण्यासारखी युक्ती मला दिसते ती बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशात. तिथं 1995 च्या कायद्यानं आणलेल्या पद्धतीनुसार जमिनीचा कुठलाही तुकडा हस्तांतरित करायचा तर ओव्हाम या सरकारी संस्थेकडून मातीचं प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. त्या तुकड्यावर पूर्वी धोक्याचा धंदा झालेला असेल, तर विक्रीआधी मातीची तपासणी सक्तीची. प्रमाणपत्राशिवाय झालेला व्यवहार खरेदीदार रद्द करून घेऊ शकतो. सरकारला जागा शोधत हिंडावं लागत नाही. खरेदी-विक्रीच्या निमित्तानं जागा आपणहून समोर येतात. जबाबदारीचा क्रमही लिहिलेला आहे. आधी धंदा करणारा, मग वापरणारा, मग मालक. आणि आपण केलं नाही, आपल्याला माहीतही नव्हतं हे दाखवू शकणाऱ्याला सूट.

संपूर्ण युरोपीय संघाला मात्र मातीसाठी एक कायदा करायला जवळपास वीस वर्षं लागली. 2006 साली मांडलेला प्रस्ताव जर्मनी, फ्रान्स, ब्रिटनसारख्या देशांनी अडवून धरला. माती जागची हलत नाही, तेव्हा तो आमचा घरचा प्रश्न, असा त्यांचा सूर होता. 2014 मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये युरोपीय संसदेनं मातीच्या निगराणीचा निर्देश मंजूर केला आणि डिसेंबरात तो लागू झाला. संशयित दूषित जागा, ज्यांची संख्या युरोपात अठ्ठावीस लाखांच्या आसपास धरतात, दहा वर्षांत हुडकून सर्वांना पाहता येईल अशा नोंदवहीत घालायच्या, हे त्याचं एक मोठं कलम. सगळ्या साफ करा असं तो म्हणत नाही. आधी लिहून काढा, म्हणतो.

आपल्याकडे लिहून काढायची वही आधीच आहे. सातबारा. त्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचं कर्ज येतं, कुळाचं नाव येतं, विहिरीतला हिस्सा येतो, वाटेचा हक्क येतो, संपादनाची नोंद येते. जमीन घेणारा माणूस आधी तो रकाना वाचतो, आणि बँकही तोच वाचते. गाळ्याखालच्या षट्संयुजी क्रोमियमसाठी त्यात जागा नाही. आणि ज्या जिल्हाधिकाऱ्यांकडून केंद्राच्या नियमांना सहामाही अहवाल हवा आहे, त्यांच्याच हाताखालचे तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ही वही सांभाळतात. पंचनामे त्यांचेच, बिगरशेतीची प्रकरणं त्यांच्याच कचेरीतली. अग्निशमन दलाच्या वर्द्या, पोलिसांचे गुन्हे, प्रदूषण मंडळाच्या बंदच्या नोटिसा आणि हे पंचनामे गट नंबरनुसार एकत्र लावले, तर संशयित जागांची पहिली यादी एकही बरणी न भरता तयार होते.

याला विरोध होणार, तोही समजण्यासारखा आहे. सातबाऱ्यावर अशी नोंद चढली की जमिनीचा भाव पडेल. ज्या शेतकऱ्यानं फक्त भाडं घेतलं त्यालाच पहिला फटका. जर्मन न्यायालयाचा बाजारभावाचा निकष आणि फ्लँडर्सची सूट इथं उपयोगी पडते. नोंद चढवताना ती उतरवायची वाटही सोबत लिहिली पाहिजे. कर्ज फिटलं की बोजा कमी होतो, तसा सफाईचा दाखला मिळाला की ही नोंदही कमी व्हायला हवी. नाहीतर लोक तपासणीच करून घेणार नाहीत.

सफाई म्हणजे खणून नेणं एवढंच समजणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या कॉर्बी गावाची गोष्ट वाचावी. तिथला पोलादाचा कारखाना बंद झाल्यावर नगरपालिकेनं जमीन साफ करायला काढली. विषारी गाळाचे ट्रक गावातून गेले, रस्त्यांवर चिखल सांडला, वाळला, धूळ होऊन उडाला. त्या वर्षांत गावात हातापायांत व्यंग असलेली मुलं जन्मली. 2009 मध्ये उच्च न्यायालयानं सफाईतल्या निष्काळजीपणाबद्दल नगरपालिकेला दोषी धरलं. भिवंडीत वाळूचे आणि राबिटचे उघडे डंपर रोज धावताना पाहिल्यावर ही भीती लांबची वाटत नाही. कित्येकदा खणण्यापेक्षा जागच्या जागी बंदोबस्त करणं शहाणपणाचं असतं. षट्संयुजी क्रोमियमला फेरस सल्फेट देऊन त्रिसंयुजी करता येतं, मग ते फारसं हलत नाही. मातीतल्या द्रावकांची वाफ पंपानं ओढून कोळशातून गाळता येते. तेलाच्या बाबतीत ते खाणारे जिवाणू बऱ्यापैकी काम करतात. आणि जिथं काहीच परवडत नाही, तिथं न गळणारं आच्छादन घालून पाण्यावर नजर ठेवणं, हाही अधिकृत उपाय आहे. सूर्यफूल लावून माती शुद्ध करण्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कोब्याखालच्या कातळात शिरलेल्या द्रावकापर्यंत सूर्यफुलाची मुळं पोचत नाहीत.

नियमांचा अंमल व्हायचा तेव्हा होईल. गाळा भाड्यानं देणाऱ्याला मात्र थांबायचं कारण नाही. युरोपात 2010 च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशानुसार घातक पदार्थ हाताळणाऱ्या मोठ्या कारखान्यांना धंदा सुरू करण्याआधी माती आणि भूजलाची मूळ स्थिती नोंदवावी लागते, आणि बंद करताना जागा त्या स्थितीला आणून द्यावी लागते. हेच लिव्ह अँड लायसन्सच्या करारात एका कलमात बसतं. ताबा देताना कोब्याखालच्या मातीचे दोन नमुने आणि बोअरच्या पाण्याची एक बाटली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायची, अहवाल कराराला जोडायचा. गाळा खाली होताना तेच पुन्हा करायचं. गाळ्यात काय ठेवणार याची यादी भाडेकरूच्या सहीनं घ्यायची, आणि पोटभाडेकरू ठेवला तर त्याचीही. अनामत परत करायची की नाही हे आज भिंतीचा रंग आणि शटरची स्थिती बघून ठरतं. ते मग त्या दोन अहवालांतल्या फरकावरून ठरवता येईल.